पायांची आग आणि ‘डिप्रेशनची गोळी’

वाचकाचे पत्र, थोडक्यात : आईचे वय ६१ आहे आणि तिला पंधरा वर्षांपासून मधुमेह आहे. वर्षभर रात्री तिच्या पायांची आग होते, मुंग्या येतात, झोप लागत नाही. गावातल्या डॉक्टरांनी ‘नसांची अशक्तता’ सांगून इंजेक्शने दिली. नंतर शहरातल्या मेंदूविकारतज्ज्ञांनी ‘एनसीव्ही’ नावाची तपासणी केली. ती नॉर्मल आली, तरी त्यांनी ड्युलॉक्सेटिन ही गोळी सुरू केली. फाइलवर इंग्रजीत ‘पेनफुल डीपीएन’ असे लिहिले आहे, त्याखाली प्रश्नचिन्ह टाकून ‘जीएडी’ आणि पुढे मनोविकारतज्ज्ञांचे मत घ्यावे, असे आहे. ही डिप्रेशनची गोळी असल्याचे औषधांच्या दुकानात कळले. बाबा म्हणतात, रिपोर्ट नॉर्मल आहे, म्हणजे हे मनाचे खेळ आहेत. मामांनी मोबाइलवर ‘मज्जातंतूंचा विकार’ असे वाचले आणि मज्जा म्हणजे बोन मॅरो, तेव्हा हा ब्लड कॅन्सर तर नसेल, अशी शंका काढली. आईने ‘मला वेड लागलेले नाही’ असे म्हणत पाच आठवडे घेतलेली गोळी शनिवारपासून बंद केली. आता तिला चक्कर येते आणि डोक्यात विजेचे झटके बसल्यासारखे वाटते. धाकट्या बहिणीच्या लग्नाची बोलणी चालू असल्यामुळे आत्याने गोळीचा विषयच काढू नका, असे बजावले आहे. आईचा आजार नसांचा आहे की मनाचा? त्याला मराठीत काय म्हणावे, आणि घरात काय सांगावे? — एक वाचक, सातारा जिल्हा

सप्रेम नमस्कार.

तुमचा मूळ प्रश्न शब्दांचा आहे, पण त्याआधी एक काम आजच करायला हवे. ज्या डॉक्टरांनी ड्युलॉक्सेटिन दिले त्यांना फोन करून, आईंनी गोळी कोणत्या दिवशी थांबवली आणि त्यानंतर काय काय होऊ लागले, हे सांगा. काही आठवडे घेतलेली ही गोळी एकदम बंद केली की चक्कर, मळमळ, चिडचिड, विचित्र स्वप्ने आणि डोक्यात क्षणभर वीज चमकून गेल्यासारखी जाणीव होऊ शकते, आणि आईंच्या तक्रारी या वर्णनात बसतात. हा नवा आजार नाही आणि गोळीचे व्यसन लागल्याची खूणही नाही. शरीराने ज्या रसायनांच्या वाढलेल्या पातळीशी जुळवून घेतले होते ती अचानक उतरली, असा त्याचा अर्थ आहे. बहुतेकांचा हा त्रास काही दिवसांत ओसरतो. तरीही गोळी पुन्हा सुरू करायची, किती मात्रेने करायची, की टप्प्याटप्प्याने सोडायची, हे घरात ठरवू नका. मधुमेहात चक्कर येण्याची दुसरीही कारणे असतात, म्हणून चक्कर येईल त्या वेळची साखर तपासून ती वेळेसह लिहून ठेवा.

आता शब्दांकडे वळते आणि मामांपासून सुरुवात करते, कारण त्यांची भीती सर्वांत मोठी आणि दूर करायला सर्वांत सोपी आहे. मराठीत ‘मज्जा’ या शब्दाची दोन घरे आहेत. आयुर्वेदाने सांगितलेल्या सात धातूंपैकी सहावा मज्जा, म्हणजे हाडांच्या पोकळीतला मऊ गर. आज आपण त्याला अस्थिमज्जा म्हणतो. रक्तपेशी तिथे तयार होतात आणि रक्ताचा कर्करोग बहुधा तिथूनच सुरू होतो. पाठीच्या कण्याच्या पोकळीतही असाच मऊ, पांढुरका दोर असतो. त्याला आपण मज्जारज्जू म्हणतो, त्यातून फुटणारे ते मज्जातंतू आणि मेंदूसह हे सगळे मिळून मज्जासंस्था. या दुसऱ्या मज्जेत रक्त तयार होत नाही आणि ब्लड कॅन्सरशी तिचा संबंध नाही. मामांना हेही सांगा की गोंधळलेले ते एकटे नाहीत. गर या अर्थाच्या ग्रीक शब्दाचेही नेमके असेच झाले, आणि त्यामुळे डॉक्टरांच्या इंग्रजीत ‘मायलोमा’ हा अस्थिमज्जेचा कर्करोग ठरतो, तर ‘मायलायटिस’ हा मज्जारज्जूचा दाह ठरतो. दोन्ही शब्द एकाच मुळातून आलेले असल्यामुळे वैद्यकाच्या पहिल्या वर्षाचे विद्यार्थीही तिथे अडखळतात.

‘पेनफुल डीपीएन’ या अक्षरांचा अर्थ आहे वेदना देणारी डायबेटिक पेरिफेरल न्यूरोपथी. मधुमेहामुळे हातापायांच्या टोकांकडे जाणाऱ्या चेतातंतूंना इजा होते, आणि सर्वांत लांबचे तंतू पायांचे असल्यामुळे त्रासाची सुरुवात बहुधा तळव्यांपासून होते. मी इथे ‘चेतातंतू’ हा शब्द मुद्दाम वापरत आहे. शाळेच्या विज्ञानाच्या पुस्तकांत चेतासंस्था आणि चेतापेशी हे शब्द आहेत, मराठी विश्वकोशात याच संस्थेला तंत्रिका तंत्र म्हटले आहे, वर्तमानपत्रे मज्जासंस्था लिहितात आणि माझ्या आईच्या पिढीतली माणसे ज्ञानतंतू म्हणत असत. सगळे शब्द एकाच गोष्टीचे आहेत. त्यांतला ‘चेता’ मला अधिक पसंत आहे, कारण त्यात चेतना ऐकू येते आणि हाडांचा गर आठवत नाही. हिंदी माहितीपत्रक हाती आले तर मात्र सावध राहा; तिथे ‘स्नायु’ हा शब्द पुष्कळदा चेतातंतूसाठी येतो, बंगालीतही तसेच आहे, आणि मराठी माणूस मात्र स्नायू म्हणजे मांसपेशी असे समजून वाचतो.

तरीही तुमच्या घरात यांतला कोणताही शब्द चालत नसणार, ‘नस’ चालत असणार. या एका शब्दावर आपण केवढा भार टाकला आहे, ते पाहण्यासारखे आहे. हाताची नस कापली म्हणतो तेव्हा ती रक्तवाहिनी असते. पिंढरीच्या नसा फुगल्या म्हणतो तेव्हा त्या अशुद्ध रक्त वाहून नेणाऱ्या नीला असतात, ज्यांना व्हेरिकोज व्हेन्स म्हणतात. मानेत नस दबली म्हणतो तेव्हा तो मणक्यातून निघणारा चेतातंतू असतो. झोपेत पायात नस चढली म्हणतो तेव्हा तो स्नायूचा गोळा असतो, आणि कोणाची दुखरी नस सापडली म्हणतो तेव्हा तिथे काहीच शारीरिक नसते. त्यामुळे ‘नसांची अशक्तता’ या निदानातून रोग्याच्या हाती नेमके काही लागत नाही. हे ऐकून कोणी पाय चोळून घेतो, कोणी नस बसवून घ्यायला जातो, आणि कोणी रात्री तळव्यांना गरम पाण्याच्या पिशवीने शेक देतो. हा शेक आईंना घातक ठरू शकतो. आजारी चेतातंतू आग होत असल्याचे खोटे संदेश पाठवतात आणि खऱ्या चटक्याचा संदेश पाठवायला चुकतात, म्हणून मधुमेही माणसाला तळवा भाजल्याचे सकाळी फोड पाहूनच कळते. शेक बंद करा. अंघोळीचे पाणी पाय बुडवण्याआधी कोपराने तपासा, अंगणातसुद्धा अनवाणी फिरू देऊ नका, आणि रोज रात्री कोणीतरी उजेडात दोन्ही तळवे आणि बोटांच्या बेचक्या पाहा.

गावातल्या डॉक्टरांची इंजेक्शने बहुधा बी-१२ जीवनसत्त्वाची असावीत. ती देणे अगदीच निराधार नव्हते. मेटफॉर्मिन ही मधुमेहाची गोळी अनेक वर्षे घेतल्यास बी-१२ कमी होऊ शकते, आणि त्या कमतरतेनेही पायांना मुंग्या येतात. पण रक्तातली पातळी मोजून इंजेक्शन देणे वेगळे आणि नसा अशक्त आहेत म्हणून देणे वेगळे. आईंची पातळी मोजली होती का, हे विचारा.

बाबांच्या म्हणण्याला अधिक विस्ताराने उत्तर द्यायला हवे, कारण त्यांच्यापाशी लेखी पुरावा आहे. एनसीव्ही तपासणीत त्वचेवरून विजेचा हलका झटका देऊन चेतातंतूतला संदेश किती वेगाने धावतो, ते मोजतात. ही तपासणी जाड, मायेलिन या स्निग्ध पदार्थाचे आवरण असलेल्या तंतूंची असते, ज्यांतून संदेश सेकंदाला साधारण ४० ते ६० मीटर वेगाने जातो. आग, टोचणे, गरम आणि थंड यांची जाणीव नेणारे तंतू वेगळे असतात. ते अतिशय बारीक असतात, त्यांतल्या पुष्कळांना ते आवरणच नसते, आणि त्यांचा वेग सेकंदाला एक-दोन मीटरच्या आसपास असतो. एनसीव्हीच्या यंत्राला त्यांची हालचाल टिपता येत नाही. मधुमेहात पुष्कळदा इजा आधी या बारीक तंतूंना होते, आणि म्हणून तळव्यांची आग असह्य असतानाही कागद नॉर्मल येतो. ज्याचे मोजमाप झाले त्यात दोष सापडला नाही, एवढाच त्या ‘नॉर्मल’चा अर्थ आहे. आपण तो ‘काही झालेले नाही’ असा वाचतो आणि मग उरलेली जागा भरायला मन हजर असतेच. मेंदूविकारतज्ज्ञांनी नॉर्मल रिपोर्ट समोर असूनही न्यूरोपथी लिहिली, ती आईंनी सांगितलेल्या लक्षणांवरून आणि पायांच्या प्रत्यक्ष तपासणीवरून लिहिली असणार. बाबांना हे पटवून देताना वाद घालू नका. रात्री दोन वाजता आई ओल्या फरशीवर तळवे टेकवून बसत असतील तर त्या वेळी बाबांना उठवून दाखवा.

दुकानातल्या माणसाने खोटे सांगितले नाही, अर्धे सांगितले. औषधाला लोकांत जे नाव पडते ते त्याच्या पहिल्या नोकरीवरून पडते, आणि नंतर त्याने किती ठिकाणी काम केले ते कोणी पाहत नाही. अमेरिकेच्या औषध नियामकाने २००४ या एकाच वर्षी ड्युलॉक्सेटिनला नैराश्यासाठी आणि मधुमेही न्यूरोपथीच्या वेदनेसाठी अशी दोन्ही कामांसाठी मान्यता दिली. सेरोटोनिन आणि नॉरअ‍ॅड्रिनलिन ही दोन रसायने मनःस्थितीशी संबंधित आहेत, आणि मेंदूकडून मज्जारज्जूकडे उतरणारे जे मार्ग वेदनेच्या संदेशाला वाटेत अडवतात त्यांतही तीच काम करतात. गोळी ही रसायने वाढवते. ती मनासाठी दिली आहे की पायांसाठी, हे गोळीला ठाऊक नसते. असे एकच औषध नाही. गाबापेन्टिन आकडीसाठी आले आणि आज चेतातंतूंच्या वेदनेसाठी सर्रास दिले जाते. सोडियम व्हॅल्प्रोएट आकडीसाठी, मन कधी अतिउत्साहात तर कधी उदासीत जाणाऱ्या द्विध्रुवी विकारातल्या उन्मादासाठी आणि अर्धशिशी टाळण्यासाठीही वापरतात. आकडी, उन्माद आणि अर्धशिशी यांकडे आपला समाज तीन वेगवेगळ्या नजरांनी पाहतो, आणि पाकिटातली गोळी मात्र एकच असते. म्हणून गोळीच्या नावावरून आजार ओळखण्याचा नाद सोडून द्या, आणि कोणते औषध कशासाठी दिले आहे ते डॉक्टरांकडूनच चिठ्ठीवर मराठीत लिहून घ्या.

इथे मला माझ्याकडच्या एका चुकीची कबुली द्यायला हवी. मी मनोविकारतज्ज्ञ आहे. तालुक्याच्या गावी दवाखाना सुरू केला तेव्हा पाटीवर ‘मेंदू व मनोविकार’ असे लिहिले, कारण नुसते मनोविकार लिहिले तर जिना कोणी चढणार नाही, असे सर्वांनी सांगितले होते. पुढे कित्येक वर्षे नैराश्याची गोळी देताना मी ‘ही नसांची गोळी आहे’ असेच सांगत आले. माणसे ती निमूट घेत आणि बरी होत, आणि मला वाटे, नाव कोणते का असेना, काम झाले. मग एक निवृत्त गृहस्थ आले. त्यांनी दोन वर्षे माझी ‘नसांची गोळी’ घेतली होती आणि ते पूर्ण बरे होते. त्यांच्या भाच्याने पाकीट पाहून खरे काय ते सांगितले होते. त्यांनी फाइल टेबलावर ठेवली आणि शांतपणे विचारले, “डॉक्टर, तुम्ही मला वेडा समजलात म्हणूनच लपवलंत ना?” माझ्यापाशी उत्तर नव्हते. मी त्यांना लाजेपासून वाचवायला गेले होते, आणि लाजण्यासारखे काहीतरी आहे, हे त्यांनी माझ्याकडूनच ऐकले.

ही पळवाट फार जुनी आहे, हे मला मागाहून कळले. जॉर्ज बियर्ड या अमेरिकन डॉक्टरांनी १८६९ मध्ये थकवा, निद्रानाश, धडधड आणि उदासी या सगळ्याला मिळून ‘न्यूरास्थेनिया’ असे नाव दिले. त्याचा शब्दशः अर्थ होतो चेतातंतूंची अशक्तता, म्हणजे आपल्या गावातल्या डॉक्टरांचेच निदान. चीनमध्ये याचेच भाषांतर होऊन रूढ झाले आणि तिथे नैराश्याऐवजी हा प्रतिष्ठित शब्द अनेक दशके वापरात राहिला. याच्या उलट दिशेचा प्रवासही झाला आहे. विल्यम कलेन या स्कॉटिश वैद्यांनी १७६९ मध्ये ‘न्यूरोसिस’ हा शब्द चेतासंस्थेच्या आजारांसाठी घडवला, पुढे शंभर-दीडशे वर्षांत तो पूर्णपणे मनाच्या आजारांकडे सरकला, आणि मराठीत आणताना त्यातला ‘न्यूरो’ पाहून त्याचे ‘मज्जाविकृती’ झाले. मज्जेत काहीही बिघडलेले नसलेल्या, केवळ भीतीने पछाडलेल्या माणसाला आपण काही काळ मज्जाविकृतीचा रोगी म्हणत होतो. अमेरिकन मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनेने १९८० च्या वर्गीकरणात न्यूरोसिसचे स्थान जवळजवळ संपवले, आणि त्याबरोबर आपली मज्जाविकृतीही कोशात जाऊन बसली. तेव्हा नस की मन, हा तुमच्या घरातला वाद या शब्दांच्या पोटात अडीचशे वर्षे चालू आहे.

फाइलवरच्या ‘जीएडी’कडे येते. त्याआधीचे प्रश्नचिन्ह तुम्ही कळवलेत हे बरे केलेत, कारण सगळा अर्थ त्यात आहे. डॉक्टर एखाद्या निदानाआधी प्रश्नचिन्ह काढतात तेव्हा त्याचा अर्थ ‘अशी शंका आहे, तपासून घ्यावे’ असा असतो. म्हणजे आईंना हा आजार असल्याचे अजून कोणीही म्हटलेले नाही. जीएडी म्हणजे जनरलाइज्ड अँक्झायटी डिसऑर्डर, मराठी लेखनात सर्वव्यापी चिंताविकार. दिवसभरातल्या नाना गोष्टींची आवरता न येणारी चिंता किमान सहा महिने बहुतेक दिवशी असणे, आणि तिच्याबरोबर अस्वस्थता, थकवा, स्नायू आखडणे, झोप मोडणे यांसारखी लक्षणे असणे, अशी त्याची साधारण व्याख्या आहे. वर्षभर रात्र-रात्र जागलेल्या माणसात यांतल्या निम्म्या गोष्टी दुखण्यामुळेही दिसू शकतात, आणि दुखणे व चिंता दोन्ही एकत्रही असू शकतात. चिंतेने वेदना तीव्र वाटते आणि वेदनेने चिंता वाढते. हे वेगळे करून पाहणे मनोविकारतज्ज्ञांचे काम आहे आणि मेंदूविकारतज्ज्ञांनी ते स्वतः न ठरवता दुसऱ्याचे मत मागवले, यात मला त्यांचा काटेकोरपणा दिसतो.

मात्र ‘चिंताविकार’ हा शब्द आईंसमोर उच्चारू नका, असे मी सुचवेन. माझा आक्षेप चिंतेला नाही, विकाराला आहे. डॉक्टरांच्या मनात विकार म्हणजे बिघाड. पण कीर्तन-प्रवचनात वाढलेल्या कानाला विकार म्हटले की काम, क्रोध, लोभ, मोह, मद, मत्सर आठवतात. ते जिंकायचे असतात आणि ज्याला ते जिंकता येत नाहीत तो माणूसच कमी पडलेला असतो. ‘मनोविकृती’ त्याहून वाईट, कारण व्यवहारात विकृत ही शिवी आहे. आमच्या परिभाषेने हे शब्द निवडले तेव्हा अर्थाची चोख पारख केली, पण ते कोणत्या कानांवर पडणार आहेत याचा विचार थोडा कमी केला, असे माझे मत आहे, आणि मी स्वतः मनोविकारतज्ज्ञ म्हणवून घेत असल्यामुळे ते मांडण्याचा मला थोडा अधिकार आहे. घरात ‘मनाचा आजार’ म्हणणे पुरेसे आणि खरे आहे. जपानने २००२ मध्ये स्किझोफ्रेनियाचे ‘मनोविभाजनाचा रोग’ अशा अर्थाचे जुने नाव अधिकृतपणे बदलले. आपल्याकडे त्याच आजाराला छिन्नमनस्कता म्हणतात, आणि ऐकणाऱ्याला वाटते की एका माणसात दोन माणसे राहत असावीत, जे त्या आजारात मुळीच नसते.

‘काळजी’ या शब्दाचाही विचार करा. मराठीत काळजी करणे आणि काळजी घेणे यांना एकच शब्द आहे. तो ज्या बाईने आयुष्यभर दुसऱ्या अर्थाने वापरला, तिला तुम्ही काळजी फार करता, असे म्हटले की ती स्वतःच्या कर्तव्याविषयी ऐकते, आजाराविषयी नाही. तज्ज्ञांपुढे गेल्यावर आईंना त्यांच्याच शब्दांत सांगू द्या. जीव घाबरा होतो, छातीत धडधडते, मनात काहूर उठते, घालमेल होते, हे शब्द माझ्यासारखीला कोणत्याही प्रश्नावलीपेक्षा अधिक सांगतात. घालमेल आणि हुरहुर यांत फरक आहे आणि मराठी बोलणाऱ्या डॉक्टरांना तो कळतो.

‘मला वेड लागलेले नाही’ हे आईंचे वाक्य खरे आहे, आणि तसेच त्यांना सांगा. वेड हे कोणत्याही आजाराचे वैद्यकीय नाव नाही. मराठीत गाण्याचे वेड असते, नातवाच्या मायेने माणूस वेडा होतो, आणि त्याच शब्दाने आपण एखाद्याला माणसांतून उठवतो. सातारा-पुण्याकडे ‘येरवड्याला पाठवा’ आणि कोकणात ‘रत्नागिरीला पाठवा’ असे थट्टेने म्हटले जाते, कारण त्या गावांत मनोरुग्णालये आहेत. मनोविकारतज्ज्ञांकडे जाणाऱ्या माणसाच्या मनात ते दृश्य उभे राहते, आणि प्रत्यक्षात तिथे एक टेबल, दोन खुर्च्या आणि पाऊण तासाचे बोलणे असते. कोण काय करतो एवढे मात्र माहीत असावे. मेंदूविकारतज्ज्ञ चेतासंस्थेचे आजार औषधाने बरे करतात, मेंदूवर शस्त्रक्रिया करणारे तज्ज्ञ वेगळे. मनोविकारतज्ज्ञ एमबीबीएस होऊन मनाच्या आजारांचे उच्च शिक्षण घेतलेले डॉक्टर असतात आणि औषधे देतात; चिकित्सा मानसशास्त्रज्ञ बोलण्यातून उपचार करतात, गोळी लिहीत नाहीत. आईंना आधी फोनवर बोलून पाहायचे असेल तर केंद्र शासनाची टेली मानस सेवा १४४१६ या क्रमांकावर विनामूल्य मिळते आणि तिथे मराठीत बोलता येते.

तुम्ही लिहिलेल्या ‘चक्कर’ या शब्दापाशी मी थांबले होते. दवाखान्यात सर्वांत जास्त घोटाळा याच शब्दाने होतो, कारण मराठीत चक्कर म्हणजे निदान चार गोष्टी असतात. घर फिरल्यासारखे, गरगरल्यासारखे वाटणे ही आतल्या कानाकडे किंवा मेंदूकडे बोट दाखवते. उठून उभे राहिल्यावर डोळ्यांपुढे अंधारी येणे हे रक्तदाब उतरल्याचे लक्षण असते, आणि मधुमेहात रक्तदाब सांभाळणारे चेतातंतूही दुखावलेले असतील तर ते वारंवार होते. भोवळ येऊन पडणे म्हणजे शुद्ध हरपणे, आणि त्याची चौकशी तातडीने व्हायला हवी. चालताना तोल जाणे, विशेषतः अंधारात किंवा डोळे मिटून तोंड धुताना, हे तळव्यांची जाणीव कमी झाल्याने होते. आईंना यांतले कोणते होते, ते विचारून तसेच लिहा. पायांबद्दलही हेच करा. आग होते, ठणका लागतो, सुया टोचतात, बधिर वाटते, कापसावर चालल्यासारखे वाटते, चप्पल पायातून निसटली तरी कळत नाही, यांतले प्रत्येक वाक्य डॉक्टरांना वेगळ्या तंतूंची बातमी देते, आणि ‘नसा दुखतात’ या वाक्याने ती सगळी पुसली जाते.

आत्याबाईंचा प्रश्न उरला. त्यांची भीती त्यांनी आपल्या मनाने उभी केलेली नाही, कायद्याच्या भाषेतही ती होती. हिंदू विवाह कायद्यात १९७६ च्या दुरुस्तीने ‘वेडाचे किंवा अपस्माराचे वारंवार झटके’ येणाऱ्या व्यक्तीला विवाहास अपात्र ठरवले होते. अपस्मार म्हणजे आकडी; चेतासंस्थेचा हा आजार आणि वेड यांना एका ‘किंवा’ने जोडले होते. १९९९ मध्ये त्यातून अपस्मार वगळला, पण गावातल्या बैठकींतून तो ‘किंवा’ अजून गेलेला नाही. तरीही ती अट वधूवरांविषयी होती आणि आहे, त्यांच्या आईविषयी नाही, आणि मधुमेहाने झालेली न्यूरोपथी लपवण्यासारखी गोष्ट नाही. मनाच्या आजाराच्या उपचारांबाबत गोपनीयतेचा हक्क २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने रुग्णाला दिला आहे, तेव्हा आईंच्या फाइलमधले प्रश्नचिन्ह पाहुण्यांना समजावून सांगण्याचे बंधन तुमच्यावर नाही. कोणी विचारलेच तर मधुमेहामुळे पायांच्या चेतातंतूंना त्रास आहे आणि त्यावर औषध चालू आहे, असे सांगा. यात एकही शब्द खोटा नाही.

आईंना मात्र अर्धे सांगू नका. माझ्या त्या गृहस्थांचे बोलणे आठवून सांगते, आईंपाशी बसून असे म्हणा: “आई, तुझ्या पायांची आग खरी आहे, ती मधुमेहाने चेतातंतूंना झालेल्या इजेची आहे, आणि यंत्राला बारीक तंतू मोजता येत नाहीत म्हणून रिपोर्ट नॉर्मल आला. ही गोळी उदासीवरही देतात आणि या आगीवरही देतात. वर्षभराच्या जागरणाने तुझ्या जिवाची घालमेल होते का, हे आणखी एक डॉक्टर बघणार आहेत. होत असेल तर त्यावरही उपाय करू, नसेल तर ते प्रश्नचिन्ह खोडतील.” पहिल्या दिवशी त्या ऐकणार नाहीत, असे धरून चाला. पुढच्या भेटीला जुनी फाइल, साखरेच्या नोंदी, बी-१२ चा रिपोर्ट असेल तर तो, आणि आईंच्या शब्दांत लिहिलेला कागद घेऊन जा, आणि शक्य असेल तर बाबांनाही बरोबर न्या. गोळीबद्दलचा फोन मात्र तोपर्यंत लांबवू नका.